जिभेची गाठ

उर्दू माध्यमाच्या शाळेत परीक्षेच्या दिवशी मुलं एक दुआ पुटपुटत असतात. पेपर हातात पडेपर्यंत त्यांचे ओठ हलतात. ही दुआ हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती त्यांनी कुठल्या प्रसंगी मागितली, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मूसांपुढे परीक्षा होती ती वेगळी. फिरऔनच्या दरबारात जाऊन गुलामांच्या वतीनं बोलायचं होतं, आणि बोलायला निघालेल्या माणसाची जीभच अडखळत होती. म्हणून त्यांनी अल्लाहजवळ मागणं केलं की छाती मोकळी व्हावी, काम सोपं व्हावं आणि जिभेची गाठ सुटावी, म्हणजे लोकांना आपलं बोलणं समजेल. तेवढ्यानं भागलं नाही तेव्हा भाऊ हारून यांनाही सोबत मागून घेतलं, कारण त्यांची वाणी अधिक साफ होती.

बाळ मूसांनी फिरऔनच्या महालात जळता निखारा तोंडात घातला आणि जीभ पोळली, अशी कथा आपल्याकडच्या आज्या-नान्या सांगत आल्या आहेत. कथा खरी-खोटी ठरवायचा माझा अधिकार नाही. मला नवल वाटतं ते निवडीचं. कुराणात सर्वांत जास्त वेळा नाव येतं ते याच पैगंबराचं. एका अख्ख्या कौमला गुलामीतून सोडवण्याचं काम अल्लाहनं दिलं ते एका मेंढपाळाला. तोही मिसरमधून पळून गेलेला, हातून एक माणूस मेल्याची टोचणी मनात असलेला आणि बोलताना अडखळणारा. त्यानं फौज मागितली नाही. त्यानं जीभ मागितली.

पिंपरी-चिंचवडमधल्या एका उर्दू शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवते. माझ्या वर्गातली मुलं कुठून कुठून आलेली आहेत. कुणाचं गाव बीड-लातूरकडे, कुणाचं नांदेडकडे, कुणाचं आझमगडकडे, तर कुणाचं बिहारमध्ये. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आणि बजाज आले. नव्वदीनंतर कारखान्यांची रांग भोसरी ओलांडून नाशिक रस्त्यानं चाकणपर्यंत गेली. या रांगेच्या मागोमाग आमच्या मुलांचे आजोबा आले, वडील आले. आजोबांपैकी काही जण कायम झाले आणि त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. वडिलांच्या पिढीला ते जमलं नाही. ‘अब्बा कंपनीत आहेत’ असं मूल सांगतं, तेव्हा कंपनी कुठली ते त्याला माहीत असतं. पण पगार कंपनी देत नाही, ठेकेदार देतो. सहा-सात महिने झाले की ब्रेक. मग दुसरा ठेकेदार, दुसरा गेटपास, कधी कधी तेच मशीन.

या घरांमधली भाषेची तऱ्हा बघा. घरात दखनी किंवा भोजपुरी. शाळेत उर्दू. कारखान्याच्या गेटवर हिंदी. पगाराची स्लिप, मिळालीच तर, इंग्रजीत. सरकारी कचेरीतला कागद मराठीत. इतक्या भाषा एका घरात नांदतात, आणि हक्काची चार वाक्यं लिहायची वेळ आली की एकही उपयोगी पडत नाही. मूसांच्या दुआतली गाठ मला इथं दिसते.

एका वर्षी मुहर्रममध्ये वर्गातल्या बऱ्याच मुलांनी नऊ आणि दहा तारखेचे रोजे ठेवले होते. आशूऱ्याचा रोजा का, असं एकीनं विचारलं. मी सांगितलं की रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम मदिन्याला आले, तेव्हा तिथले यहुदी या दिवशी रोजा ठेवताना त्यांना दिसले. या दिवशी मूसा आणि बनी इस्राईल फिरऔनच्या तावडीतून सुटले, असं कारण त्यांनी सांगितलं. तेव्हा मूसांवर आमचा हक्क अधिक आहे, असं म्हणून हुजूरांनी स्वतः रोजा ठेवला आणि मुसलमानांनाही ठेवायला सांगितला. मग समुद्र कसा दुभंगला, फिरऔन कसा बुडाला, हे सगळं आलं. मुलांना तो भाग पाठच असतो. मागच्या बाकावरच्या एका मुलानं मात्र हात वर केला आणि विचारलं, “टीचर, उनको पगार मिल्या क्या?”

वर्ग हसला. तो हसला नाही. त्याच्या वडिलांचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता. मजूर पुरवणारा माणूस काम सोडून गेला होता आणि त्याचा फोन बंद होता.

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर गुलामी म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहायला हवं. कुराण फिरऔनच्या जुलमाचं वर्णन करतं ते त्यानं लोकांचे गट पाडले, एका गटाला दुबळं केलं, त्यांचे मुलगे मारले आणि मुली जिवंत ठेवल्या, असं. तौरातमध्ये रोजच्या कामाचा तपशील अधिक आहे. बनी इस्राईल फिरऔनसाठी कोठारांची शहरं बांधत होते, माती तुडवून विटा पाडत होते. मूसा आणि हारून यांनी पहिली मागणी केली ती रानात जाऊन इबादत करण्यासाठी तीन दिवसांच्या रजेची. फिरऔन म्हणाला, हे लोक आळशी झालेत, म्हणून यांना रजा सुचते. त्यानं हुकूम काढला की विटांसाठी लागणारं काड आता सरकारातून मिळणार नाही, मजुरांनी ते स्वतः गोळा करावं, आणि रोजच्या विटांचा आकडा मात्र एकानंही कमी होता कामा नये. आमच्या भागात याला ‘टार्गेट’ म्हणतात. माल वेळेवर येत नाही, मशीन बंद पडतं, आणि शिफ्ट सुटताना आकडा मात्र पुरा लागतो.

त्यात आणखी एक बारकावा आहे. मजुरांवर देखरेख करायला मिसरी अधिकारी होते, पण त्यांच्या हाताखालचे मुकादम बनी इस्राईलमधलेच होते. आकडा भरला नाही की मार पडायचा तो या मुकादमांना. ते तक्रार घेऊन फिरऔनकडे गेले, हात हलवत परत आले, आणि वाटेत भेटलेल्या मूसांवर उखडले. तुमच्यामुळे आमची उरलीसुरली पत गेली, असं ते म्हणाले. कुराणातही कौम मूसांना ऐकवते की तुम्ही यायच्या आधी आम्हाला त्रास होता आणि तुम्ही आल्यावरही आहेच. नेतृत्व करणाऱ्याला पहिला दगड आपल्याच माणसाचा लागतो. मूसांनी त्यावर रागावून पाठ फिरवली नाही. सब्र करा, जमीन अल्लाहची आहे, असं सांगून ते पुन्हा दरबारात गेले.

आपले कारखाने म्हणजे फिरऔनचं मिसर, असं मी म्हणणार नाही. इथं कायदा आहे, मतदान आहे, नोकरी सोडून जाता येतं. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली झाला. तरीही, ज्या विटांनी या पट्ट्यातल्या इमारती उभ्या राहतात त्या पाडणारी कितीतरी कुटुंबं आजही उचल घेऊन भट्टीवर येतात, आणि उचल फिटेपर्यंत त्यांना हलता येत नाही. साखळी दिसत नाही म्हणून ती नसतेच असं नव्हे.

कुराणात मजुरीचा दुसराही एक नमुना आहे आणि तोही मूसांच्याच आयुष्यातला. मिसरमधून पळालेले मूसा मदयनला पोचतात. पाणवठ्यावर दोन मुली आपली जनावरं रोखून बाजूला उभ्या असतात. पुरुषांची गर्दी हटल्याशिवाय त्यांना पाणी पाजता येत नसतं. मूसा त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात आणि सावलीत जाऊन बसतात. त्यांतली एक मुलगी वडिलांना सुचवते की याला कामावर ठेवा, माणूस ताकदवान आहे आणि विश्वासूही. मग करार होतो. आठ वर्षं काम, दहा पुरी केली तर ती तुझी खुशी. तुझ्यावर कष्टाचा बोजा टाकायची माझी इच्छा नाही, असंही मालक सांगतो. मुदत ठरलेली, मोबदला ठरलेला, दोन्ही बाजूंना मान्य आणि अल्लाह साक्षीला. फिरऔनशी बोलायला जाणाऱ्या माणसानं आधी कित्येक वर्षं चांगल्या मालकाकडे चाकरी केली होती. बरा करार कसा असतो ते त्याला अनुभवानं माहीत होतं. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण मिंबरवरून नेहमी ऐकतो. तिच्यामागे मदयनचा हा पाणवठा मला दिसतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. पगार मिळाला का? तौरातप्रमाणे निघताना बनी इस्राईलनी मिसरी शेजाऱ्यांकडून सोन्या-चांदीच्या वस्तू मागून घेतल्या. यावर यहुद्यांच्या तालमूदमध्ये एक मजेदार किस्सा आहे. पुढे सिकंदरापुढे मिसरी लोकांनी दावा लावला की यांनी नेलेलं आमचं सोनं-चांदी परत द्यावं. यहुद्यांच्या बाजूनं एक साधा माणूस उभा राहिला. तो म्हणाला, देतो की. आधी सहा लाख माणसांची चारशे तीस वर्षांची मजुरी मोजा. मिसरी लोकांनी मुदत मागून घेतली आणि ते परत आले नाहीत. मुलांना मी हा किस्सा सांगितला तेव्हा दोघा-तिघांनी लगेच वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला. रोजाची मजुरी किती धरायची यावरून त्यांच्यात भांडण झालं.

पण त्या सोन्याचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. कुराण सांगतं की लोकांच्या दागिन्यांचं जे ओझं बरोबर आलं होतं, ते त्यांनी टाकलं आणि सामरीनं त्यातून वासरू घडवलं. मूसा चाळीस रात्री डोंगरावर काय गेले, इकडे कौम वासराची पूजा करू लागली. मालक बदलला, गुलामीची सवय गेली नाही. रानात मन्न आणि सलवा मिळत असतानाही त्यांना जमिनीतून उगवणाऱ्या भाज्या, काकड्या, मसूर आणि कांद्याची आठवण येत राहिली. कांद्याच्या बाजारासाठी नाव असलेल्या चाकणच्या मुलांना हे वाक्य फार आवडतं. कांद्यावाचून जेवण कसलं, म्हणतात. हसू येतं, पण गोष्ट गंभीर आहे. दोन वेळच्या जेवणाची हमी माणसाला फिरऔनची आठवण काढायला लावते. समुद्र एका दिवसात ओलांडला गेला. मनातला मिसर ओलांडायला चाळीस वर्षं पुरली नाहीत.

बनी इस्राईल हा शब्द आज उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे गाझा येतं. ते साहजिकच आहे. पण मूसांनी कौमला सब्र करायला सांगितलं तेव्हा पुढे आणखी काही सांगितलं होतं. अल्लाह तुमच्या दुश्मनाला संपवील, तुम्हाला जमिनीवर वारस करील, आणि मग तुम्ही कसं वागता ते पाहील. तौरातही परोपरीनं बजावते की परक्याला छळू नका, मिसरमध्ये तुम्हीही परकेच होता. सुटका झालेल्याची परीक्षा सुटकेनंतर असते. ती परीक्षा त्यांच्यापुरती नाही, सत्ता हाती आलेल्या प्रत्येक कौमला ती द्यावी लागते. मूसांची गोष्ट आजच्या कुठल्या सरकारच्या मालकीची नाही, आणि रागापोटी ती आपण सोडून द्यावी असंही नाही.

शिवाय आपल्या महाराष्ट्राचे स्वतःचे बेने इस्राईल आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज कोकणात उतरले, असं ते सांगत आले. गावांच्या नावावरून दिवेकर, केहिमकर अशी आडनावं घेतली, तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचा मलिदाही आपल्या मलिद्याचा भाऊ. एलियाहू, म्हणजे आपले हजरत इलियास, यांच्या नावानं तो करतात. त्यांच्यात एक आख्यायिका आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हा कंपनीच्या फौजेतला अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. जात विचारली तेव्हा त्यानं बेने इस्राईल म्हणून सांगितलं. ज्यांचा जिक्र कुराणात आहे ते लोक कधी पाहिले नाहीत, असं म्हणून टिपूच्या आईनं त्यांच्यासाठी रदबदली केली आणि जीव वाचला. याच दिवेकरनं १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. त्या वास्तूला लोक जुनी मशीद म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात.

मिसरमधून सुटकेचा पेसाह हा सण कोकणात कसा टिकला तेही ऐकण्यासारखं आहे. बाकीच्या यहुद्यांशी शतकानुशतकं संबंध नव्हता, ग्रंथ नव्हते. त्यांच्याकडे या सणाचं नाव अनशी ढाकण्यावरून पडलं होतं. अनस म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. सणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचं एवढं माहीत होतं. मिसर, आंबवलेलं पीठ, घाईनं निघणं, हे कारण विसरलं गेलं होतं. पुढे ग्रंथ मिळाले, आणि १८४६ साली मुंबईत पेसाहच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ साली तशीच एक हगादा आपल्या पुण्यात छापली गेली. तिच्यातलं एक चित्र मी पाहिलं आहे. साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराच्या रोट्या करताहेत. आदल्याच वर्षी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली होती. अमेरिकेत हबशी गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना त्यांनी ती अर्पण केली. बारा महिन्यांच्या अंतरानं मराठीत आलेली ही दोन पुस्तकं, दोन्ही गुलामीच्या आठवणीची.

या हगादाची मला शिक्षिका म्हणून वाटणारी थोरवी अशी की त्या रात्रीचा विधी मुलाच्या प्रश्नानं सुरू होतो. घरातलं सर्वांत लहान मूल विचारतं की आजची रात्र वेगळी का, आणि थोरांना उत्तर द्यावं लागतं. प्रश्न विचारणं हा तिथं उद्धटपणा नाही, तो धर्माचा भाग आहे. गुलामाला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून सुटलेल्याच्या मुलानं विचारायचा. आणि तो मुलाला कळेल अशा भाषेत, म्हणून मराठीत.

शनिवारच्या सुट्टीमागेही हीच आठवण आहे. तौरातमध्ये एका ठिकाणी आठवड्याच्या विश्रांतीचं कारणच असं दिलं आहे की तू मिसरमध्ये गुलाम होतास हे विसरू नकोस, म्हणून तुझ्या नोकरालाही आणि बैलालाही विसावा मिळू दे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनं. आमच्या पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. तो गुरुवार आकाशातून पडलेला नाही, हे मी इतिहासाच्या तासाला सांगते. कुणीतरी बोललं म्हणून तो आहे.

कुणीच बोलायला नसलं की काय होतं तेही या मुलांनी पाहिलं आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि नाशिक रस्त्यावरून, मुंबई रस्त्यावरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालू लागली. पुढे मूसा नव्हते आणि मागे फिरऔनही नव्हता. बंद गेट आणि खोलीचं थकलेलं भाडं एवढंच होतं. त्या वर्षी ८ मे रोजी पहाटे जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. रुळांवर त्यांच्या रोट्या विखुरल्या होत्या. मिसरमधून निघताना पीठ आंबायलाही वेळ नव्हता म्हणून बांधून घेतलेल्या रोट्यांची आठवण यहुदी हजारो वर्षं जपताहेत. करमाडच्या रोट्यांची आठवण कोण, कुठल्या भाषेत जपणार?

मराठीच्या पेपरात अर्जलेखन असतं. खेळाचं मैदान मिळावं, वाचनालयाची वेळ वाढवावी, असे विषय ठरलेले. त्यांत मी आणखी एक घातला: थकीत पगार मिळण्याबाबत. कामाचं ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत, ठरलेला रोज, मिळालेली रक्कम, बाकी. फिरऔनशीही नरमाईनं बोला असा अल्लाहचा मूसांना हुकूम होता, म्हणून भाषा सौम्य. पण आकडे पक्के. मुलांना सगळ्यात अवघड गेलं ते ‘महोदय’नंतरचं पहिलं वाक्य. ‘मेहेरबानी करून’ असं सगळ्यांनी लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. मेहेरबानी मैदानासाठी मागता येते, पगारासाठी नाही.

मागच्या बाकावरच्या त्या मुलानं आपला अर्ज घरी नेला. वडिलांनी खाली उर्दूत सही केली आणि तो कामगार खात्याच्या कचेरीत दिला. बऱ्याच खेपा झाल्या. शेवटी दोनपैकी एका महिन्याचे पैसे हातात आले. घरच्यांना ते पुरेसे वाटले. गेलेलं थोडं तरी परत आलं म्हणून अम्मीनं शुकराना अदा केला. मुलानं मात्र दुसरा अर्ज लिहायला घेतला. विषय तोच, तारीख नवी, आणि पहिल्या अर्जाचा संदर्भ कुठं द्यायचा एवढंच विचारायला तो माझ्याकडे आला.